पांढऱ्या ठिपक्यापासून पाच पावलं

...तर झारी राहिली ती तिथेच राहिली. काल गोष्ट इथेच थांबली होती ना? अठराव्या हिरवळीच्या काठाला पत्र्याची झारी, आणि तिच्याकडे वळून वळून बघत पुढे चाललेला खड्डेमामा. परत फिरून उचलावी, तर समोरून साहेबांची गाडी आलीच. साहेब म्हणजे स्पर्धेचे मुख्य पंच. त्यांनी गाडी थांबवली, झारीकडे पाहिलं आणि विचारलं, "काय रे, आज पहाटे पहाटे शिंपण?"

"गवताला तहान लागली होती साहेब," खड्डेमामा म्हणाला.

साहेब हसले. खड्डेमामाही हसला. आणि तेवढ्या एका हसण्याची टोचणी त्याच्या मनाला एकतीस वर्षं राहिली, बरं का.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी मागचं जरा सांगायला हवं. खड्डेमामा हा गोल्फच्या मैदानावरचा माळी. मैदानाला अठरा होल, म्हणजे खेळाचे अठरा टप्पे, प्रत्येक टप्प्याच्या शेवटी गालिच्यासारखी कापलेली हिरवळ, आणि त्या हिरवळीत चेंडू जाण्यापुरतं एक भोक. आता हे भोक रोज एकाच जागी ठेवलं तर भोवतालचं गवत पायांनी मरून जातं. म्हणून रोज सकाळी जुनं भोक बुजवायचं आणि नवं पाडायचं. त्यासाठी दोन हातांनी पिळायचं एक पोलादी नळकांडं असतं. ते जमिनीत फिरवलं की गवतासकट मातीचा एक गोल तुकडा अलगद वर येतो. ह्याला हे लोक बूच म्हणतात. नव्या भोकातलं बूच काढायचं आणि जुन्या भोकात बसवायचं, की हिरवळ पुन्हा होती तशी. रोज अठरा भोकं. "रस्त्यात खड्डे पाडणाऱ्याला लोक शिव्या घालतात, आणि ह्याला खड्डे पाडायचा पगार मिळतो," असं कोणीतरी म्हणालं, आणि तेव्हापासून तो लहानथोरांचा खड्डेमामा झाला. खरं नाव त्याच्या बहिणीला तरी आठवत असेल की नाही, देव जाणे.

आणि काम कसं? तर काल भोक कुठे होतं ते तुम्ही आज नाक टेकवून शोधलंत तरी सापडणार नाही. बूच बसवायच्या आधी त्याच्या बुडाची माती तो चाकूने खरवडायचा, तांदळाच्या दाण्याएवढी कमी-जास्त. मग टाच दाबायची, तळहात फिरवायचा, पुन्हा टाच. मैदानावर खेळणारे म्हणायचे, इथे जुन्या बुचाकडे बघायचंच नसतं, खड्डेमामा बसलाय.

ह्याच मैदानावर विभागाची व्यावसायिक स्पर्धा भरायची. पोटासाठी गोल्फ खेळणारे आणि शिकवणारे विभागातले सगळे खेळाडू वर्षातून एकदा इथे यायचे. खड्डेमामा विशीत कामाला लागला, आणि त्याच वर्षी पहिली स्पर्धा झाली. चौदा खेळाडू, दोन दिवस, विजेत्याला भिंतीवरचं घड्याळ. तेव्हा पोटासाठी खेळणाऱ्याला क्लबाच्या पुढच्या दाराने आत सोडत नसत! तो कितीही मोठा खेळाडू असो, बूट बदलायचे ते मागे, अवजारांच्या खोलीत, गवत कापायच्या यंत्रांच्या आणि खताच्या पोत्यांच्या मध्ये. म्हणून सभासदांच्या आधी सगळे विजेते खड्डेमामाला भेटले. कुणाच्या मोज्याला भोक, कुणी खेळायला जाण्याआधी ओकारी काढतो, सगळं त्याला ठाऊक.

वर्षं तो विजेत्यांवरून लक्षात ठेवायचाच नाही. चौथं वर्ष म्हणजे गारांचं. गारा पडून हिरवळीला देवीचे वण आल्यासारखे झाले होते. सातव्या वर्षी कुणाचा तरी घोडा सुटला आणि नवव्या हिरवळीवरून दौडत गेला. नालांच्या चौऱ्याऐंशी खुणा त्याने एका रात्रीत बुजवल्या, मोजून. अकरावं वर्ष बुरशीचं. बाराव्या वर्षी स्पर्धा चार दिवसांची झाली आणि खेळाडूंना पुढचं दार उघडलं. पण जुने खेळाडू सवयीने मागेच यायचे. एक जण तर म्हणाला, "मामा, तिकडे आरसे फार आहेत, बूट बांधताना आपलंच तोंड दिसतं."

आणि एकोणिसावं वर्ष. त्या वर्षाला तो नुसतं 'ते वर्ष' म्हणायचा.

खड्डेमामाचा एक जिवाचा मित्र होता. त्याचे वडील कपड्यांना इस्त्री करायचे, आणि ह्याचा टोलाही असा, की विजारीच्या घडीसारखी सरळ रेघ. म्हणून त्याला सगळे इस्त्रीच म्हणायचे. मोठा झाल्यावर तो शिकवायला लागला, खेळायला लागला, आणि मधल्या काळात खड्डेमामाच्या धाकट्या बहिणीशी लग्न करून मोकळा झाला. म्हणजे मित्रही तोच आणि मेहुणाही तोच. बहीण म्हणायची, "दादा, तुला घरी यायला एक कारण पुरत नव्हतं म्हणून मी दुसरं करून दिलं."

विभागाची स्पर्धा इस्त्रीच्या हातून दोनदा थोडक्यात निसटली होती. त्या वर्षी तो अडतीस वर्षांचा झाला होता. तिसऱ्या दिवसाअखेर तो सगळ्यांच्या पुढे होता. संध्याकाळी बहीण भावाला म्हणाली, "दादा, ह्या खेपेला नाही तर नाहीच बघ. ते बोलत नाहीत, पण ताटातलं अन्न नुसतं इकडून तिकडे सरकवतात." झालं. ताटावर इस्त्री होता, पण अन्न गोड लागेना ते खड्डेमामाला.

शेवटच्या दिवशी भोकं कुठे पाडायची ते साहेब आदल्या संध्याकाळी ठरवत. हिरवळीवर जागोजाग चुन्याचा पांढरा ठिपका देत. माळ्याने सकाळी ठिपक्यावर नळकांडं ठेवायचं आणि पिळायचं. डोकं चालवायचं काम साहेबांचं, मनगट चालवायचं माळ्याचं. अठराव्यावर ठिपका होता अगदी उजवीकडे, वाळूच्या खड्ड्याला लागून.

पहाटे खड्डेमामाने ठिपक्यावर भोक पाडलं. कालचं भोक त्याच्या बुचाने नीट बुजवलं. काम संपलं होतं, तो निघालाही होता. पण मग तो वळून उभा राहिला आणि त्या भोकाकडे बघत राहिला. त्याच्या मनात आलं, इस्त्रीचा लांबचा टोला शेवटी जरासा डावीकडे वळतो. ती कसर काढायला तो आणखी उजवीकडे मारेल आणि चेंडू वाळूत जाईल. भोक पाच पावलं डावीकडे असतं तर? पाच पावलं म्हणजे काय मोठं? बसायच्या खोलीतून स्वयंपाकघरात जायला त्याहून जास्त लागतात.

त्याने नळकांडं उचललं, पाच पावलं डावीकडे टाकली, आणि पिळलं.

आता पहिलं भोक बुजवायला हवं. हातात बूच, कानावर लांबून गाडीचा आवाज. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्याने बुडाची माती खरवडली नाही. तसंच कोंबलं, टाचेने दाबलं. कडेची फट दिसत होती, ती झाकायला अर्धी झारी ओतली. घाईत चाकू खिशात घातला आणि झारी विसरला.

साहेब उतरले. हसून झाल्यावर पावलं मोजायला लागले आणि थांबले. "मी इथे ठिपका दिला होता?"

"दवात पुसला गेला साहेब. अंदाजाने पाडलं."

साहेबांनी डोकं खाजवलं. खेळाडूंना द्यायच्या कागदावर भोकाच्या जागेचा आकडा पेनाने दुरुस्त केला आणि पुढे गेले. इतक्या वर्षांत ज्याचा शब्द कधी खोटा निघाला नाही, त्याच्यावर शंका घ्यायची कशाला?

दुपारी इस्त्री अठराव्यावर आला तेव्हा हिशोब सोपा होता. गोल्फमध्ये ज्याचे टोले कमी तो जिंकतो. दुसरा खेळाडू, एक उंच निवांत माणूस, आपलं सगळं खेळून बसला होता. इस्त्रीने आणखी दोन टोल्यांत चेंडू भोकात घातला तर तो विजेता; तीन लागले तर दोघं बरोबरीत. हिरवळीवर पोचायला एक, भोकात घालायला एक.

आणि गंमत बघा, त्या दिवशी इस्त्रीचा लांबचा टोला वळलाच नाही! घडीसारखा सरळ गेला आणि उजवीकडे, वाळू ओलांडून, असा पडला की पहाटेच्या पहिल्या भोकापासून फक्त दोन हात. भोक साहेबांच्या ठिपक्यावर असतं, तर त्याने एका हाताने, जांभई देत, चेंडू आत ढकलला असता. खड्डेमामा दोरीपलीकडे उभा होता.

तरी बिघडलं काहीच नव्हतं. पाच-सहा पावलांवरचा सपाट टोला, इस्त्रीच्या डाव्या हातचा मळ. तो वाकला. त्याने भोकाभोवतीची जमीन न्याहाळली, दोनदा. चेंडूच्या नाकासमोरची जमीन त्याने बघितली नाही. कशाला बघेल? कालचं भोक तर पार पलीकडे होतं. आणि इथे जुन्या बुचाकडे बघायचंच नसतं, खड्डेमामा बसलाय.

पण पाणी पिऊन बूच फुगलं होतं. जास्त नाही, नाण्याच्या जाडीइतकं.

चेंडू दोन हात गेला, किंचित उडाला, आणि चार बोटं बाजूने भोकापलीकडे निघून गेला. एवढंसं उडणं कोणाला दिसणार? लोकांना दिसलं ते इतकंच, की इस्त्रीने मारला आणि तो वाकडा गेला. गर्दीतून कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "थरथरला, हात कापला!"

इस्त्रीने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. ते पाहणं खड्डेमामा कधी विसरला नाही.

बरोबरी झाली, म्हणून दोघांनी लगेच आणखी एक होल खेळायचा होता. त्यात हातभर अंतरावरून चेंडू भोकात घालायचा होता इस्त्रीला, आणि तेव्हा मात्र त्याचा हात खरंच कापला. उंच माणूस जिंकला. लोक दोरी ओलांडून अठराव्यावर धावले, आणि शेकडो पायांनी बूच दाबून सपाट केलं. संध्याकाळी खड्डेमामाने तिथे तळहात फिरवला, तर काहीच लागेना. पुरावा गेला, आणि बोलायची वेळही गेली.

दुसऱ्या दिवसापासून इस्त्रीचं नाव पडलं कापरा. आधी माघारी, मग तोंडावर, मग प्रेमाने. तो दोन वर्षं आणखी खेळला, पण जवळचा टोला आला की त्याचा हात लोकांचं ऐकायचा. मग त्याने खेळणं सोडलं, आणि सरावाच्या मैदानामागे एक खोली घेऊन गोल्फच्या काठ्या दुरुस्त करायला लागला. जुनी रबरी मूठ कापून काढायची, दांड्याला दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी गुंडाळायची, त्यावर स्पिरिट ओतायचं आणि ते वाळायच्या आत नवी मूठ एका दमात सरळ चढवायची. केसभर तिरकी बसली तर फुकट. आजूबाजूच्या चार गावांत ते काम त्याच्याइतकं नीट कोणाला येत नाही. हात कापणाऱ्या माणसाला हे जमेल का हो? पण हा प्रश्न कोणाच्या डोक्यात आला नाही. आला तो एकट्या खड्डेमामाच्या.

सगळं गाव कापरा म्हणायचं, खड्डेमामाच्या तोंडून मात्र तो शब्द कधी निघाला नाही. बहिणीच्याही ते लक्षात आलं होतं. ती म्हणायची, "दादाला बाई फार मान आहे ह्यांचा." दादा चहाच्या कपात तोंड घालायचा.

बोलायला तो तीन वेळा गेला. एकदा इस्त्रीच घरी नव्हता. एकदा त्याला ताप होता. तिसऱ्यांदा सगळं जुळून आलं होतं, तर खड्डेमामाने छताच्या गळतीबद्दल विचारलं आणि दोन तास कौलं फिरवून परत आला.

त्याऐवजी त्याने काय केलं? रोज सकाळी अठरा हिरवळींवर गुडघे टेकले. प्रत्येक बुचावरून तळहात, मग गाल. होय, गाल! नवे माळी हसायचे. स्पर्धेची कीर्ती वाढत गेली, लांबलांबचे खेळाडू यायला लागले, आणि बक्षीस घेताना प्रत्येक जण म्हणायचा, अशा हिरवळी आम्ही कुठे पाहिल्या नाहीत. क्लबाने त्याला शाल काय, ढाल काय, सगळं दिलं. ती ढाल त्याने कपाटात उलटी ठेवली. टाळ्या वाजल्या की त्याला साहेबांचं ते हसणं ऐकू यायचं.

आता स्पर्धेला पन्नासावं वर्ष लागलं. क्लबाच्या चिटणीसबाईंनी इतिहासाचं पुस्तक काढायचं ठरवलं. पन्नासच्या पन्नास वर्षं पाहिलेला माणूस एकच. निवृत्त झाला तरी सकाळी येऊन नव्या माळ्यांच्या चुका काढणारा. बाईंनी त्याला कचेरीत बसवलं, पंखा त्याच्याकडे वळवला आणि वाचायला लागल्या. घड्याळाचं बक्षीस, गारा, घोडा. खड्डेमामा खुलला. "खुणा चौऱ्याऐंशी लिहा बाई, ऐंशी नका लिहू, चार मी काय खिशात घातल्या?"

मग बाईंनी पान उलटलं. "एकोणिसाव्या वर्षी, अगदी सोप्या टोल्याच्या वेळी हात कापल्यामुळे हातातला विजय गेला, आणि एका गुणी खेळाडूची कारकीर्द संपली. बरोबर आहे ना मामा? परवा छापायला देतेय."

पंखा फिरत होता. भिंतीवरच्या फळीवर विजेत्यांची नावं सोनेरी अक्षरांत होती, एकोणिसावं बरोबर डोळ्यांसमोर. आतापर्यंत ते लोकांच्या तोंडात होतं, तोंडं मरतात. आता ते छापलं जाणार होतं.

"बाई," तो म्हणाला, "तेवढं वाक्य उद्यापर्यंत थांबवा."

"का? चुकीचं आहे?"

"मी येतो उद्या," असं म्हणून तो निघाला, आणि थेट सरावाच्या मैदानामागे गेला.

खोलीत स्पिरिटचा वास. इस्त्रीने दांडा शेगड्याच्या लोखंडी पकडीत आवळला होता आणि पट्टी गुंडाळत होता. बहीण डबा घेऊन आली होती, स्टुलावर बसली होती. भावाला बघून खुशीत आली. "दादा, पुस्तकात ह्यांचा फोटो लावणार आहेत म्हणे! मी सांगितलंय बाईंना, बघा हं, हललेला लावू नका."

इस्त्रीही हसला. एकतीस वर्षं हसत होता, त्याला सवय होती.

"तू जरा घरी जा," खड्डेमामा बहिणीला म्हणाला.

"का? मला कळू नये असं काय आहे?"

"तुला मी वेगळं सांगेन. आणि तेव्हा तू मला जे बोलशील ते मी ऐकेन."

तिने दोघांच्या तोंडाकडे पाहिलं, डबा स्टुलावर ठेवला आणि गेली. इतकी वर्षं भावाचा तसा आवाज तिने ऐकला नव्हता.

खड्डेमामाने उभ्याउभ्याच सांगितलं. ठिपका, पाच पावलं, न खरवडलेलं बूच, अर्धी झारी, साहेबांशी बोललेलं खोटं. इस्त्रीने तोवर पट्टीवर स्पिरिट ओतलं होतं, आणि ते काही थांबत नाही. त्याने मूठ घेतली, एका दमात चढवली, डोळा लावून सरळ आहे का पाहिलं. सरळ होती. मग फडक्याला हात पुसले.

"चल," तो म्हणाला, "दाखव कुठे ते."

दोघे सत्तरीचे म्हातारे मैदान ओलांडून अठराव्यावर गेले. खेळायला कोणी नव्हतं. खड्डेमामाने इकडेतिकडे पाहिलंही नाही. वाळूच्या कडेने गेला, थांबला, आणि बुटाचं टोक टेकवलं. "ठिपका इथे." मग डावीकडे पाच पावलं मोजली. "आणि भोक इथे."

इस्त्री ठिपक्याच्या जागी गेला. तिथून दोन हात मागे सरकला, गुडघ्यावर हात ठेवून वाकला, जसा तेव्हा वाकला होता. मग त्याने उजवा हात समोर धरला आणि बघितला, दुसऱ्याचा असावा तसा.

"उडालेला मला दिसला होता रे," तो म्हणाला. "बायकोला सांगितलंही त्या रात्री. ती म्हणाली, आता झोपा. मग मलाच वाटलं, हरलेल्या माणसाला काहीही दिसतं."

खड्डेमामाला बसावंसं वाटत होतं, पण हिरवळीवर तो कधी बसत नसे.

"बुचाचं मी समजू शकतो," इस्त्री सरळ होत म्हणाला. "घाई झाली, फुगलं, झालं. माझ्या हातूनही दोन मुठी वाकड्या बसल्यात. पण साहेबांनी ठेवलं होतं तिथे मला जमणार नाही, हे तू ठरवलंस. गावाने मला कापरा म्हणायच्या आधी, सकाळीच, तू म्हणालास. तुझा माझ्यावर भरवसा नव्हता. असंच ना?"

खड्डेमामाने टोपी काढली. आणि तो जे बोलला ते असं होतं:

"नव्हता. त्या सकाळपुरता नव्हता, आणि हेच सांगायला मला एकतीस वर्षं लागली, बुचाचं तर मी पहिल्याच आठवड्यात सांगितलं असतं. तू हरशील ह्या भीतीने हात माझा कापला, इस्त्री, आणि नाव तुला पडलं. उद्या बाईंना मी हेच लिहायला सांगणार आहे, ठिपक्यासकट. तू फक्त एवढं सांग, माझ्याबरोबर येतोस, की मी एकटाच जाऊ?"